बांधलेलें काम आणि मोकळें काम

या सदरांत आजवर व्याकरण, पंचांग, पाठांतर आणि क्वचित् घरांतील लहानमोठ्या व्यवस्था यांविषयीं चार शब्द लिहीत आलों. या खेपेस संगणकाच्या पोटांतील एका व्यवस्थेविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे, हें पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. ज्याचें शिक्षण शालान्त परीक्षेपाशीं थांबलें आणि पुढील सारें आयुष्य ज्यानें शब्दरूपें व संधि शिकविण्यांत घालविलें, त्यानें या भानगडींत कां पडावें, असें सुज्ञ वाचक विचारतीलच. उत्तर एवढेंच कीं, गेल्या दिवाळींत माझा पुतण्या घरीं आला असतां त्यानें ही गोष्ट मला समजावून सांगितली, आणि ती ऐकतां ऐकतां माझ्या स्वतःच्या हातून घरांत घडत असलेली एक चूक मला दिसली. त्या चुकीकडे शेवटीं येईन. प्रथम यंत्राची गोष्ट.

संगणकाचा जो अवयव प्रत्यक्ष आज्ञा पाळतो त्यास प्रोसेसर म्हणतात. पूर्वीं घरगुती संगणकांत तो एकच असे. आतां एकाच चिपवर चार, आठ, सोळा प्रोसेसर शेजारीं शेजारीं बसविलेले असतात. आपल्या खिशांतील फोनांतहि बहुधा आठ असतात. हे झाले काम करणारे हात. या हातांनीं करावयाचीं कामें म्हणजे थ्रेड. थ्रेड म्हणजे धागा. एखादा कार्यक्रम आपणांस एकसंध दिसला तरी तो अशा अनेक धाग्यांचा विणलेला असतो. एक धागा पडद्यावर अक्षरें काढतो, दुसरा जालावरून मजकूर आणतो, तिसरा लिहिलेलें जपून ठेवतो. धागे शेंकड्यांनीं आणि प्रोसेसर बोटांवर मोजण्याइतके, अशी स्थिति असल्यामुळें कोणत्या धाग्यानें कोणत्या प्रोसेसरवर केव्हां आणि किती वेळ बसावें, हें ठरविणारा कोणी कारभारी हवाच. ऑपरेटिंग सिस्टीममधील या कारभाऱ्यास शेड्यूलर म्हणतात. तो प्रत्येक धाग्यास कांहीं मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबाची, पाळी देतो. पाळी संपली कीं त्या धाग्यास उठवितो आणि दुसऱ्यास बसवितो.

आतां प्रश्न येतो तो असा. उठविलेल्या धाग्याची पाळी पुन्हां आली म्हणजे त्यास पूर्वींच्याच प्रोसेसरवर बसवावें, कीं जो कोणी रिकामा असेल त्याच्यावर? प्रथमदर्शनीं वाटतें, काम झाल्याशीं कारण. हात कोणाचा कां असेना. परंतु ज्या घरांत दोन वेळां स्वयंपाक होतो तेथें हें उत्तर कोणी मान्य करणार नाहीं. रोज चुलीपुढें उभी राहणारीच्या हाताशीं मिसळणाचा डबा असतो, पळी असते, गूळ कोणत्या बरणींत आहे हें तिला न पाहतां ठाऊक असतें. अर्ध्या स्वयंपाकांत तिला बाजूस करून दुसरीस उभें केलें, तर ती कितीहि सुगरण असली तरी पहिली घटका डबे उघडून पाहण्यांतच जाते.

प्रोसेसरचेंहि तसेंच आहे. संगणकाची मुख्य स्मृति त्याच्यापासून दूर असते. म्हणून प्रत्येक प्रोसेसरजवळ थोडी परंतु फार जलद अशी स्मृति ठेवलेली असते. तिला कॅश म्हणतात. ही त्याची हाताजवळची फळी समजावी. या दोहोंच्या अंतरांत केवढा फरक आहे, हें पुतण्यानें मला हिशोबानें दाखविलें. आजचा साधारण प्रोसेसर एका सेकंदांत सुमारें तीन अब्ज ठोके देतो. त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद, असें क्षणभर मानूं. मग अगदीं जवळच्या फळीवरील वस्तु त्यास चार-पांच सेकंदांत मिळते, आणि मुख्य स्मृतींतील वस्तु आणावयास सुमारें चार मिनिटें लागतात. याच मापानें तीन मिलिसेकंदांची एक पाळी म्हणजे १०४ दिवस होतात. आतां दहा लक्ष अक्षरें मावतील एवढी कॅश जर नव्यानें भरावयाची असेल, आणि एका खेपेस ६४ अक्षरें येत असतील, तर सुमारें साडेपंधरा हजार खेपा होतात. त्या एकामागून एक केल्यास दीड महिना लागेल. वास्तविक प्रोसेसर अनेक खेपा एकदम चालू ठेवतो, म्हणून प्रत्यक्षांत इतका वेळ जात नाहीं. तथापि जागा बदलण्याचा खर्च कशाला म्हणतात, हें या आंकड्यांवरून ध्यानीं येईल. मोठ्या संगणकांत तर मुख्य स्मृतीचेहि निरनिराळे वाडे असतात, आणि परक्या वाड्यांतील वस्तु आणावयास आपल्या वाड्यापेक्षां अधिक वेळ पडतो.

धागा आणि प्रोसेसर यांच्या या लागाबांध्यास इंग्रजींत ॲफिनिटी म्हणतात. पुतण्यानें त्यास संस्कृत प्रतिशब्द विचारला. मला न्यायशास्त्रांतील ‘सन्निधि’ हा शब्द आठवला. वाक्याचा अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि हीं तीन लागतात, असें अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत सांगितलें आहे. ‘गाय आण’ या वाक्यांतील दोन पदें एकेका प्रहराच्या अंतरानें उच्चारलीं, तर ऐकणारास कांहींच बोध व्हावयाचा नाहीं. पदें तींच, परंतु जवळपणा गेला. धाग्याचेंहि तसेंच. काम तेंच, हातहि तितकाच समर्थ, परंतु लागणारी वस्तु जवळ नसली तर सामर्थ्य वाट पाहण्यांत खर्च होतें.

हें तत्त्व यंत्र बनविणारांस पूर्वींच कळलें होतें. मार्क स्क्विलांटे आणि एडवर्ड लाझोव्स्का यांनीं १९९३ सालीं याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढें लिनक्स नांवाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्यें त्याची व्यवस्था कशी होत गेली, हें पाहण्यासारखें आहे. लिनक्सचा आरंभ फिनलंडांत लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं केला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनाच्या मुळाशीं तिचाच गाभा आहे. तिच्यांत पूर्वीं सर्व प्रोसेसरांची मिळून धाग्यांची एकच रांग असे. डिसेंबर २००३ मध्यें २.६ ही आवृत्ति निघाली, तींत इंगो मोल्नार या हंगेरियन तज्ज्ञाच्या योजनेप्रमाणें प्रत्येक प्रोसेसरास स्वतंत्र रांग मिळाली. त्यामुळें धागा साहजिकच आपल्या जुन्या जागीं परतूं लागला. एका रांगेंत फार गर्दी आणि दुसरींत कोणी नाहीं असें झालें, तर मात्र शेड्यूलर कांहीं धागे हलवितो. तेव्हांहि तो पाहतो कीं, हा धागा नुकताच चाललेला आहे काय? चालून अर्धा मिलिसेकंदहि झाला नसेल तर त्याची फळी अजून भरलेली आहे असें धरून शक्यतों त्यास हलवीत नाहीं. येथें बंधन नाहीं, ओढ आहे. जवळपणाचा मान राखावयाचा, परंतु गरज पडली तर जागा बदलावयाची. इंग्रजींत यास सौम्य ॲफिनिटी म्हणतात. विंडोजमध्येंहि प्रत्येक धाग्यास एक आवडता प्रोसेसर नेमलेला असतो; तो मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास दुसरा.

दुसरा प्रकार कठोर बंधनाचा. कार्यक्रम लिहिणारास किंवा चालविणारास असें सांगतां येतें कीं, हा धागा अमुक प्रोसेसरांवरच चालेल, इतरत्र नाहीं. लिनक्समध्यें ही सोय २००२ सालीं आली. टास्कसेट नांवाच्या आज्ञेनें ती कोणासहि वापरतां येते. विंडोजमध्यें टास्क मॅनेजरमधूनहि तें करतां येतें. हें सांगण्याची रीत मोठी साधी आहे. आठ प्रोसेसर असतील तर आठ घरांची एक ओळ कल्पावी. जेथें बसण्यास मुभा आहे त्या घरांत १ लिहावा, जेथें मनाई आहे तेथें ० लिहावें. मोजणी उजवीकडून आणि शून्यापासून करतात. म्हणजे ००००११०० असें लिहिल्यास क्रमांक २ आणि ३ एवढेच दोन प्रोसेसर त्या धाग्यास खुले राहिले. या ओळीस मास्क म्हणतात.

मी म्हणालों, “हें तर फारच चांगलें झालें. दोन प्रोसेसर त्या धाग्याच्या हक्काचे झाले.”

पुतण्या हंसून म्हणाला, “काका, येथेंच पुष्कळ शिकलेले लोकहि चुकतात. हक्काचे मुळींच झाले नाहींत. त्या दोन प्रोसेसरांवर इतर धागे पूर्वींसारखेच येऊन बसूं शकतात. यांतील एकें पाहूं नका, शून्यें मोजा. सहा दारें बंद झालीं, एवढाच या ओळीचा अर्थ.”

या वाक्यानें मी थबकलों. बांधणें म्हणजे देणें, अशी माझी समजूत होती. वास्तविक बांधणें म्हणजे इतरत्र जाण्यास मनाई करणें. बांधलेल्या धाग्याचा प्रोसेसर दुसऱ्या कामांत गुंतला असेल, तर शेजारचे सहा हात रिकामे असूनहि तो धागा उभाच राहतो. आणि कारभाऱ्यास तें दिसत असूनहि कांहीं करतां येत नाहीं, कारण त्याचेच हात बांधलेले असतात.

याचा अर्थ बंधन सर्वथा वाईट असा नव्हे. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची झाडलोट करणारे कांहीं धागे ऑपरेटिंग सिस्टीममध्यें असतात. ते त्या त्या प्रोसेसरशीं बांधलेलेच हवेत, कारण त्यांचें कामच त्या जागेचें आहे. जेथें ठरलेल्या क्षणीं उत्तर मिळालेंच पाहिजे अशा यंत्रांत एखादा प्रोसेसर इतर सर्वांपासून मुद्दाम राखून ठेवतात आणि महत्त्वाचा धागा त्यावर बांधतात. मात्र राखणें आणि बांधणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि तेथें दोन्ही कराव्या लागतात. एखाद्या कामास किती वेळ लागतो हें मोजावयाचें असेल तर माप स्थिर राहावें म्हणूनहि बांधतात. या सर्व ठिकाणीं बांधणारास कारण माहीत असतें, आणि बांधल्यानंतर तो मोजून पाहतो.

कारण माहीत नसतां बांधलें म्हणजे घोटाळे होतात. दोन निरनिराळ्या गृहस्थांनीं दोन कार्यक्रम लिहिले, आणि दोघांनींहि आपआपला धागा पहिल्याच, म्हणजे शून्य क्रमांकाच्या, प्रोसेसरशीं बांधला, तर दोन्ही धागे एकाच पाटावर दाटीनें बसतात आणि बाकीची पंगत रिकामी राहते. शिवाय आजचे सर्व प्रोसेसर सारखे नसतात. एआरएम कंपनीनें २०११ सालीं मोठे व लहान प्रोसेसर एकत्र नांदविण्याची योजना पुढें आणली. मोठे वेगवान, लहान वीज वांचविणारे. इंटेलनें २०२१ च्या अखेरीस घरगुती संगणकांतहि तीच तऱ्हा आणली. जुन्या संगणकावर विचारपूर्वक केलेलें बंधन अशा नव्या संगणकावर जड कामास लहान प्रोसेसरच्या गळ्यांत बांधूं शकतें. बंधन तेंच राहिलें, घर बदललें.

२०१६ सालीं लंडन येथील एका परिषदेंत फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि कॅनडा येथील संशोधकांनीं लिनक्सच्या शेड्यूलरवर एक निबंध वाचला. कामें ताटकळत उभीं असतां प्रोसेसर रिकामे कसे राहतात, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. त्यांचा संगणक चौसष्ट प्रोसेसरांचा होता; आठ वाडे आणि प्रत्येक वाड्यांत आठ प्रोसेसर. टास्कसेटनें एखादा कार्यक्रम एकमेकांपासून दूर असलेल्या दोन वाड्यांपुरता बांधला, म्हणजे त्यास सोळा प्रोसेसर मिळावयास हवेत. परंतु धागे जन्मतः ज्या वाड्यांत निर्माण होत तेथेंच सर्वच्या सर्व दाटून राहत, आणि दुसऱ्या वाड्यांतील आठ प्रोसेसर रिकामे बसत. दोष शेड्यूलरच्या हिशोबांत होता. वाड्यांचे गट पाडतांना हे दोन्ही वाडे प्रत्येक गटांत येत. त्यामुळें गटागटांची सरासरी सारखीच दिसे, आणि सारें समतोल आहे असें समजून तो स्वस्थ राही. एका गणिती कार्यक्रमास या दोषापायीं २७ पट वेळ लागला. दोष काढतांच तो जागेवर आला. मोकळ्या धाग्यांस हा हिशोबाचा दोष बाधला नसता. दोन वाड्यांपुरतें बंधन घालतांच तो उघडा पडला. मला यांतील आंकड्यापेक्षां सरासरीची गोष्ट अधिक लागली. सरासरी बरोबर होती, आणि तरीहि अर्धे लोक घामाघूम व अर्धे रिकामे होते.

आतां माझ्या चुकीविषयीं. आमचें घर एकत्र आहे. आम्ही दोघे भाऊ, आमच्या बायका, माझे दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडें मिळून रोज अकरा पानें असतात. घरांतील कामांची वांटणी मींच लावून दिलेली आहे आणि तिचा मला अभिमानहि होता. देवपूजा माझ्याकडे, बाजारहाट धाकट्या बंधूंकडे, हिशोब थोरल्या मुलाकडे, मुलांचा अभ्यास आणि कपडे सौभाग्यवती, वहिनी व धाकटी सून यांच्याकडे. स्वयंपाक थोरल्या सुनेकडे. एकूण पाहतां काम सर्वांस सारखें आहे असें मी येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असें.

दोन वर्षांपूर्वीं थोरली सून एकदां संध्याकाळीं माझ्यापुढें येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मामंजी, संस्कृत घेऊन एम्. ए. ला बसावें असें मनांत आहे. आठवड्यांतून तीन सकाळीं वाचावयास मिळाल्या तर जमेल असें वाटतें.” संस्कृतासाठीं आयुष्य घालविलेल्या माणसानें यावर काय म्हणावयास हवें होतें, तें वाचकांस सांगावयास नको. मी म्हणालों, “मुली, तुझा स्वयंपाकाला हात बसलेला आहे. तुझ्यासारखें दुसऱ्या कोणाला जमणार?” ही मीं तिची स्तुति केली असें मला वाटलें. ती “बरें” म्हणून आंत गेली आणि पुन्हां तो विषय तिनें काढला नाहीं.

दिवाळींत पुतण्यानें शून्यें मोजावयास सांगितलीं तेव्हां मला तो “बरें” आठवला. हात बसणें ही सौम्य ओढ होती. तिचें कठोर बंधन मीं केलें. बरें, यंत्रांत निदान काम प्रोसेसरशीं बांधलें जातें, प्रोसेसर स्वतः मोकळाच राहतो आणि त्यावर दुसरेंहि काम येऊं शकतें. घरांत आपण म्हणतों कीं काम बांधून दिलें. वास्तविक बांधला जातो तो माणूस. तिच्या सकाळीं चुलीपाशीं बांधलेल्या, आणि त्याच वेळीं मी पूजा आटोपून वर्तमानपत्र वाचीत बसलेला. सरासरी मात्र बरोबर!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सर्वांस बसवून मीं ही गोष्ट बोलून दाखविली आणि सुनेची क्षमा मागितली. ती फार संकोचली. सोमवार, बुधवार, शुक्रवार या तीन सकाळींचा स्वयंपाक धाकटी सून, थोरला मुलगा आणि आम्ही दोघे भाऊ यांनीं वांटून घ्यावा असें ठरलें. भाजी चिरणें, नारळ खवणें आणि ताक घुसळणें हीं माझीं कामें.

जागा बदलण्याचा खर्च आम्हीं पुरता भरला. पहिल्या आठवड्यांत आमटींत दोनदां मीठ पडलें, एकदां कुकरच्या तळाशीं वरण लागलें, आणि साखर समजून माझ्या बंधूंनीं खिरींत मीठ घालण्याचें थोडक्यांत टळलें. थोरल्या सुनेनें कोणास कांहीं न बोलतां एका दुपारीं सर्व डब्यांवर आणि बरण्यांवर नांवांच्या चिठ्ठ्या डकविल्या. महिन्याभरांत बाकीच्यांचे हात बसले. आज तीन सकाळींचा स्वयंपाक पूर्वींइतका चवदार होत नाहीं, हें खरें आहे आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. बाकीच्या चार दिवशीं चूल तिच्याकडेच आहे, कारण तिला ती आवडते आणि आम्हांस तिच्या हातची चव आवडते. ओढ आहे, ती कशाला तोडावी?

तिनें बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून नांव नोंदविलें आहे. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं ती साहित्यदर्पण घेऊन माझ्यापाशीं बसते. माझें शिक्षण बेताचें. कित्येक ठिकाणीं मी अडतों आणि तीच मला वाट दाखविते. परीक्षा उन्हाळ्यांत आहे, निकाल लागेल तो लागेल.

वाचकांस माझी एक लहानशी विनंति आहे. एखाद्या रविवारीं घरांतील प्रत्येकाच्या नांवापुढें घरांतल्या सर्व कामांची एक ओळ लिहावी, आणि कोणतीं कामें त्या माणसास करतां येतात परंतु करूं दिलीं जात नाहींत तेथें शून्य मांडावें. मग प्रत्येक शून्यापुढें त्याचें कारण लिहावें. ज्या शून्याचें कारण सांपडेल तें खुशाल राहूं द्यावें. ज्याचें कारण “असेंच चालत आलें आहे” याहून निराळें निघणार नाहीं, तें त्या माणसास विचारून पुसून टाकावें. मींही आमची ओळ लिहिली आहे. माझ्या स्वतःच्या नांवापुढें शून्यें फारच थोडीं निघालीं, हेंहि येथें प्रामाणिकपणें नमूद करून लेख पुरा करतों.